तोंडावर बोट

बावीस वर्षं ज्या बाईने साठ-साठ पोरांचे वर्ग मुठीत ठेवले, तिला बारा चिमुरड्यांची काय ती भीती? बाई स्वतःची अशी समजूत घालत होत्या, पण ती काही पटत नव्हती. परक्या देशात येऊन पाच दिवस झाले होते आणि आज इंग्रजीचा पहिला वर्ग होता.

नोकरी मिळवून दिली होती वहिनीच्या मावसबहिणीने. ती इथेच, या शिकवणीच्या कचेरीत पुढच्या टेबलावर बसायची. बाई तिला ताई म्हणत, वयाने ती लहान असली तरी. गरजवंताला असं म्हणावंच लागतं. ताईने सगळं नीट सांगितलं होतं: मुलं चार-पाच वर्षांची, तास चाळीस मिनिटांचा, एका भिंतीला मोठी काच. काचेपलीकडे आईवडील बसतात. त्यांना आतलं ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. तास संपला की ते चिठ्ठीवर खूण करतात, ही शिक्षिका हवी की नको. पहिल्या दिवशी निम्म्यांनी तरी 'हवी' म्हटलं तर कायम, नाहीतर परतीचं विमान.

कायम झालं की तीन महिन्यांनी लेकीला आणता येणार होतं. खरं सांगायचं तर बाईंना इंग्रजीचं सोयरसुतक नव्हतं, त्यांना लेक हवी होती. नवरा चार वर्षांपूर्वी गेला तेव्हापासून दोघी एकमेकींना धरून होत्या. आता लेक मामाकडे, पुढच्या खोलीत दिवाणावर झोपायची. मामी काही वाईट नव्हती. पण लेकीने अजून कपडे कपाटात लावले नव्हते, बॅगेतूनच काढायची आणि बॅगेतच ठेवायची. तिकडची शाळा बाईंनी राजीनामा देऊन सोडली होती, त्यामुळे मागे फिरायला जागा नव्हती.

काचेचं ऐकल्यावर बाईंनी रात्रभर विचार केला होता. ऐकू येत नाही, नुसतं दिसतं. म्हणजे तपासणीच की! तपासणीचे साहेब तरी दुसरं काय करत? दारात उभे राहून एक नजर टाकत. रांगा सरळ, पोरं चिडीचूप, की शेरा 'उत्तम'. बाईंच्या वर्गाला बावीस वर्षांत दुसरा शेरा मिळाला नव्हता.

वर्गात शिरल्या आणि पहिला झटका बसला. फळा नाही, खडू नाही. रंगीत चौकोनांची सतरंजी, गुडघ्याएवढ्या खुर्च्या आणि चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा. बाईंनी चेंडूचा पत्ता वर धरला, 'बॉल' म्हणाल्या. एकाने बूट काढून फेकला. दोघं टेबलाखाली गेले. एकीने असा काही भोंगा पसरला की तिच्यापायी आणखी दोघी सुरू झाल्या. बाई इंग्रजीतून समजावू लागल्या, पण पोरांना इंग्रजी येत नव्हतं आणि बाईंना पोरांची भाषा येत नव्हती. काचेपलीकडे बारा घरचे लोक बघत होते. दहा मिनिटं गेली.

आणि मग त्यांच्या तोंडून आपसूक ते निघालं, ठणठणीत मराठीत. "हाताची घडी, तोंडावर बोट!"

म्हणताना त्यांनी स्वतःही तसं केलं. पोरं टकामका बघत राहिली. एकाला गंमत वाटली, त्याने घडी घातली. दुसऱ्याने घातली. टेबलाखालचे बाहेर आले. रडणारीने हुंदका गिळला आणि इवलंसं बोट ओठांवर ठेवलं.

पुढची तीस मिनिटं बाईंच्या आयुष्यातली सोन्यासारखी गेली. चार रांगा, बारा मुलं, टाचणी पडली तरी ऐकू यावी. बाई पत्ता दाखवून शब्द म्हणत, मुलं मान डोलवत. बाईंनी मनातल्या मनात लेकीची खाट कुठे लावायची तेही ठरवून टाकलं. एका वडिलांनी घड्याळ पाहिलं, तर बाईंना वाटलं, वेळ कसा गेला ते त्यांना कळलं नाही.

तासानंतर संचालिकेने चिठ्ठ्या पाहिल्या, बाईंशी गोड हसून हात मिळवला आणि ती आत निघून गेली. सांगायचं काम ताईवर आलं.

"बारातल्या अकरा 'नको' आल्यात," ताई म्हणाली. ती बाईंकडे बघत नव्हती.

बाईंना वाटलं, चिठ्ठ्या उलट्या वाचल्या असतील. एवढी शांत बसली होती मुलं, त्या म्हणाल्या.

"तेच तर झालं ना बाई. त्यांना आवाज ऐकू येत नाही. मग ते काय बघतात? पोराचं तोंड हलतंय का, ते. तोंड हललं की पोर इंग्रजी बोलतंय, एवढंच त्यांना कळतं. अर्धा तास एकाचंही हललं नाही."

बाई म्हणाल्या, "उद्या गोंधळ घालून दाखवते. घालता येतो मला."

उद्याचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेला दिला होता. तिकीट शनिवारचं होतं. बारावी चिठ्ठी कुणाची, ते बाईंनी उगाच विचारलं. ताईने सांगितलं, त्या रडक्या मुलीच्या आईची. महिनाभरात पोरगी पहिल्यांदाच रडायची थांबली होती.

बाई रस्त्यावर येऊन बसथांब्याच्या बाकावर बसल्या. आपल्या हातचं जे एकुलतं एक कसब होतं, त्यानेच घात केला, हे त्यांना अजून गिळवत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. तिला दम निघाला नव्हता.

"आई, पोरांनी त्रास दिला का गं?"

"नाही."

"दंगा?"

"नाही गं. गप्प बसली होती सगळी."

"पहिल्याच दिवशी?" लेक खुदकन हसली. "तुझा हात कोण धरणार! मग झालं ना पक्कं?"

समोरून ती रडकी मुलगी आईचं बोट धरून चालली होती. बाईंना पाहताच तिने आईचं बोट सोडलं, हाताची घडी घातली, तोंडावर बोट ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. लेकीला सांगायला हवं होतं, आत्ताच, याच क्षणी. बाईंनी तोंड उघडलं, पण शब्द येईना.

"आई? बरं, रडू नकोस आता, कळलं मला," लेक म्हणाली, आणि फोन न ठेवताच तिने घरात हाक मारली. "मामी, आईचं झालं! मी जाणार!"