बुरुजात बसवलेला गोटा

मित्रांनो, मी एक जुना गोटा आहे. न्यू जर्सीच्या उत्तरेकडच्या टेकड्यांमधून एक ओढा वाहतो. त्याच्या तळाशी मी पडून असतो. ‘नुसता दगड आहेस!’ असं तुम्ही एकमेकांना रागाने म्हणता, तेव्हा मला हसू येतं. दगड असणं किती जबाबदारीचं असतं, याची तुम्हाला कल्पना नाही. आता अमेरिकेतल्या ओढ्यातला गोटा मराठी कुठे शिकला, असं विचाराल. ते ओघात येईलच.

माझा जन्म डोंगराच्या कड्यात झाला. फार पूर्वी बर्फाच्या प्रचंड थराने मला कड्यापासून तोडलं, फरफटत खाली आणलं आणि मग तो थर स्वतः वितळून गेला. मी राहिलो. मग पाण्याने माझे कोपरे घासले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं तुमच्याकडे म्हणतात. मला देव व्हायचंच नव्हतं. माझ्या पाठीवर शेवाळ आलं, पोटाखाली एक पोकळी राहिली आणि शेजारच्या चपट्या दगडाला टेकून मी स्थिरावलो. ती पोकळी हीच माझी खरी कमाई आहे.

उन्हाळ्यात मला कुणी विचारत नाही. ट्राउट माशांची पिल्लं तेव्हा ओढाभर हुंदडत असतात. पण झाडांची पानं गळायला लागली आणि पाणी थंड झालं, की त्यांची मस्ती उतरते. माशाचं अंग पाण्याइतकंच गार होतं. मग त्याला जोराने पोहता येत नाही, बगळा आला तर निसटता येत नाही, प्रवाहाशी झगडता येत नाही. अशा वेळी बोटाएवढं पिल्लू काय करतं? ते आमच्याखाली शिरतं. दिवसभर पोकळीत निपचित बसतं, अंधार पडल्यावर जरा बाहेर येऊन चार किडे खातं आणि परत आत जातं. शरद ऋतूत अंगात साठवलेली चरबी त्याला वसंतापर्यंत पुरवायची असते. एकदा जरी घाबरून पळावं लागलं, तरी त्या पुंजीतला मोठा वाटा खर्च होतो. काही पिल्लांचा वसंत त्या एका धावपळीतच बुडतो.

एका वर्षी माझ्याकडे एक पिल्लू येऊ लागलं होतं. त्याच्या शेपटीला खाच पडली होती, कुणाच्या तरी चोचीतून सुटलं असावं. मी त्याला कातऱ्या म्हणत असे. थंडी अजून पुरती सुरू व्हायची होती, तरी तो रोज येऊन जागा पाहून जाई. पाठ माझ्या पोटाला घासून बघे, वळून बघे. भाडेकरू असावा तर असा चोखंदळ! मला तो फार आवडायचा.

आणि दिवाळी आली.

दिवाळी म्हणजे काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मला दिसले ते गुडघ्यापर्यंतचे दोन रबरी बूट. ते यशोधनचे होते. यशोधन साताऱ्याचा, आता इथे कंपनीत काम करतो आणि ओढ्यापासून जवळच राहतो. दिवाळीत घरासमोर मातीचा किल्ला करायचा ही त्याची लहानपणची हौस. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती आणि त्याची मुलगी केया पहिल्यांदाच त्याच्याबरोबर किल्ला करायला तयार झाली होती. मग काय, बाबाचा उत्साह गगनात मावेना. दुकानातल्या विटा नकोत, थर्मोकोल नको, खरे दगड हवेत, असं त्याने ठरवलं.

“बाबा, दिस वन इज सो हेवी!” काठावरून केया म्हणाली.

“अगं, असलाच पाहिजे बुरुजाला. शेवाळ बघ कसलं भारी आहे! एकदम राजगड फील येईल.”

त्याने मला दोन्ही हातांनी उचललं. कातऱ्या खालीच होता. तो उसळून शेजारच्या चपट्या दगडाखाली गेला. मला वाटलं, चला, निदान तिथे तरी तो सुखरूप राहील. तेवढ्यात यशोधनने चपटा दगडही उचलला. मग त्याच्या पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा. कातऱ्या उघड्या वाळूवरून प्रवाहात भिरभिरत गेला आणि मला दिसेनासा झाला. मला ओरडायचं होतं. दगडाला तोंड नसतं, मित्रांनो, त्याचं इतकं दुःख मला आधी कधी झालं नव्हतं.

आम्हा सगळ्यांना गाडीच्या डिकीत घालून नेलं. घरासमोरच्या हिरवळीवर किल्ला उभा राहिला. मला दरवाजाशेजारच्या बुरुजात बसवलं, वरून माती थापली, आळीव पेरले. मातीचे मावळे पहाऱ्याला उभे केले. यशोधन केयाला प्रत्येक बुरुजाची, प्रत्येक चोरवाटेची माहिती सांगे, आणि मी ऐकत असे. माझं मराठी हे असं झालं. मंडळाचे मोरेश्वरकाका परीक्षक म्हणून आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “वा! काय बुरूज आहे! पुण्यातसुद्धा हल्ली असे होत नाहीत.” पहिलं बक्षीस आम्हालाच मिळालं. खोटं कशाला बोलू, कौतुक ऐकून मलाही बरं वाटलं.

पण ते सुख फार टिकलं नाही. पणत्या विझल्या, पाहुणे गेले, तुळशीचं लग्नही होऊन गेलं. आळीव पिवळे पडले. किल्ल्याकडे कुणी बघेना. मोरेश्वरकाकांनी मात्र सांगून ठेवलं होतं, की थँक्सगिव्हिंग सणाच्या सुट्टीतल्या रविवारी ओहायोहून मंडळाचे पाहुणे येतील, तोवर किल्ला मोडू नका. आणि रोज पहाटे हिरवळीवर दहिवर पडू लागलं. इथे माझी पाठ इतकी गारठते, तर तिकडे ओढ्यात काय होत असेल? मी मोकळ्या हवेत बसून पाण्याची काळजी करत होतो. आकाश निरभ्र झालं की मी ढगांची वाट बघत बसायचो, कारण निरभ्र आकाश म्हणजे कडाक्याची थंडी. तशा थंडीत ओढ्याच्या तळाशीच बर्फ धरतो. जे पिल्लू तोवर कपारीत गेलेलं नसेल, त्याचं काही खरं नसतं.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे गुरुवारी, यशोधनकडे ज्ञानदा आली. ती नागपूरची, पिस्कॅटवे गावाजवळच्या विद्यापीठात पीएच.डी. करते. थंडीत मासे कुठे राहतात, हाच तिचा अभ्यास. सुट्टीत वसतिगृह रिकामं होतं म्हणून यशोधनने तिला जेवायला बोलावलं होतं. किल्ला बघायला ती बाहेर आली, कौतुकाने वाकली आणि तशीच थांबली. माझ्या कुशीला वाळूच्या कणांच्या बारीक नळ्या चिकटल्या होत्या. पाणकिड्यांच्या अळ्या राहण्यासाठी त्या बांधतात. आता त्या वाळून रिकाम्या झाल्या होत्या.

“यशोधनदादा, हे दगड कुठून आणले?”

“मागच्या क्रीकमधून. ओरिजिनल आहेत सगळे!” यशोधन अभिमानाने म्हणाला.

ज्ञानदाने कपाळाला हात लावला. “अरे यार! दादा, ह्याच्याखाली ट्राउटची पिल्लं विंटर काढतात.”

“अगं, क्रीकमध्ये दगडांना काय तोटा? पंधरा-वीस उचलले तर काय बिघडतं?”

“दगड पुष्कळ आहेत हो, पण बाकीचे वाळूत रुतलेत. खाली जागाच नाही. जे मोकळे होते तेवढेच कामाचे, आणि मोकळे होते म्हणूनच तुम्हाला उचलता आले.”

यशोधन माझ्याजवळ येऊन वाकला. माझ्या मनातलं सगळं ती मुलगी बोलली होती. केया माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, “सो इट वॉज ऑलरेडी अ फोर्ट.”

ज्ञानदाने फोनवर हवामान पाहिलं. शनिवारी पारा एकदम खाली जाणार होता. यशोधनने मोरेश्वरकाकांना फोन लावला. काकांचा आवाज मला बुरुजातूनही ऐकू आला. “अरे, रविवारपर्यंत थांब ना! दोन-तीन दिवसांनी काय होतंय? पाहुण्यांना काय दाखवू मी?” यशोधन फोन कानाला लावून नुसता ‘हो काका, नाही काका’ करत राहिला. मोठ्या माणसाचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. मला वाटलं, संपलं. भिडेपायी आमचा घात झाला.

तेवढ्यात केयाने पहिला मावळा उचलून खिशात ठेवला. मग दुसरा. “बाबा, टेल हिम वी हॅव फोटोज,” ती म्हणाली आणि माझ्यावरची माती नखांनी खरवडू लागली. यशोधनने तिच्याकडे पाहिलं. “काका, सॉरी. किल्ला आजच उतरवतोय,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

पण माती लागलेले दगड ओढ्यात टाकायचे नव्हते. ती माती उरल्यासुरल्या फटी बुजवून टाकेल, असं ज्ञानदाने बजावलं. बाहेरचा नळ हिवाळ्यासाठी बंद केलेला. मग स्वयंपाकघरातून बादल्या भरभरून आल्या आणि जुन्या टूथब्रशने आमची आंघोळ झाली. दिवाळीतलं अभ्यंगस्नान आमच्या नशिबी असं उशिरा आलं. ज्ञानदाने तिच्या सरांना विचारून घेतलं होतं, की दगड फेकायचे नाहीत, हातानेच हळू ठेवायचे, कारण खाली कुणी असेल तर चिरडेल.

दुसऱ्या दिवशी यशोधन पाण्यात उतरला. त्याचे हात लालबुंद झाले होते. त्याने मला ठेवलं खरं, पण उलटं! पाठ खाली, पोट वर. पोकळी आकाशाकडे, म्हणजे माझा काही उपयोगच नाही. ज्ञानदाला ते कळेना, तिने मला आधी पाहिलंच नव्हतं. यशोधन पुढच्या दगडाकडे वळला. मी पाण्याखाली तडफडत होतो.

“बाबा, नो! मॉस वर होतं!” काठावरून केया ओरडली.

त्याने शेवाळ वर येईल असं मला सुलटं केलं आणि चपटा दगड माझ्या कुशीला टेकवून दिला. मी पुन्हा माझ्या जागी आलो. पण खाली कुणी नव्हतं.

शनिवारी भाकिताप्रमाणे थंडी आली. पहाटे पाण्यात बर्फाचे बारीक कण वाहू लागले आणि माझ्या डोक्याला चिकटू लागले. पोकळी मात्र मोकळी होती. मी वाट पाहत होतो. ये रे बाबा, आता तरी ये. उजाडता उजाडता पोटाखाली काहीतरी हललं. एक बारीक पाठ मला घासून गेली, वळली आणि आत स्थिर झाली. आनंदाने मला भरून आलं. मग शेपटी माझ्या कडेला टेकली, आणि ती अखंड होती.

तो कातऱ्या नव्हता. कातऱ्या परत आला नाही, आजपर्यंत आला नाही. उघड्या वाळूवर त्याची पुंजी किती पुरली असेल, हे मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याचा फार विचार करत नाही. करत नाही म्हणतो, पण करतो. आलेल्या पिल्लाला मी काहीच विचारलं नाही. ते इतकं रोडावलेलं होतं, की आणखी एक दिवस बाहेर राहिलं असतं तर वाचलं नसतं. सगळा हिवाळा ते माझ्याकडे राहिलं. वसंतात बर्फ गेला तेव्हा तेही गेलं.

मित्रांनो, किल्ले जरूर करा. तुमच्या किल्ल्यावरच मी तुमची भाषा शिकलो, त्याचा मला राग नाही. केया आणि यशोधनने पुढच्या दिवाळीत किल्ला केला, तो घरामागच्या मातीचा आणि फुटक्या कुंड्यांचा, हे मला त्यांच्या काठावरच्या गप्पांतून कळलं. बक्षीस मिळालं नाही. मोरेश्वरकाका मात्र बुरुजापाशी वाकून म्हणाले, “ह्यात कुणी राहत नव्हतं ना?” आणि केया म्हणाली, “नाही काका, मी आधी बघितलं.”

तेवढंच मागणं आहे. नदीतला गोटा सहज उचलला गेला, तर समजा, की त्याच्याखाली कुणाची तरी जागा आहे. तो होता तसा, शेवाळ वर करून, हळूच परत ठेवा. माझी जागा मला परत मिळाली. कातऱ्याची त्याला मिळाली नाही.