सातव्या महिन्यातला दाब

आम्रपालीने हनुवटी यंत्रावर टेकवली, कपाळ पट्टीला लावलं आणि निळा उजेड डोळ्याशी येताना श्वास रोखून धरला.

"श्वास घ्या. रोखला की दाब वाढतो," डॉ. केतकर म्हणाल्या. "उजवा चौदा. डावाही चौदा."

"पुन्हा बघता का?"

"तिसऱ्यांदा?"

आम्रपाली खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. काहीच दुरुस्त न करता चूक नाहीशी झाली, की ती आधी तपासणीवरच संशय घ्यायची. काचबिंदूचे थेंब घालूनही तिच्या डोळ्यांचा दाब कधी बावीसच्या खाली उतरला नव्हता. तिसऱ्या महिन्यात बाळासाठी डॉक्टरांनी थेंब बंद केले, तेव्हापासून ती जीव मुठीत धरून होती.

भीती नुसती आकड्यांची नव्हती. मागे खुर्चीत तिची आई बसली होती, आणि आईला आता फक्त उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. मुलगी जन्मली आणि आईचे डोळे गेले, हे वाक्य विश्रांतवाडीच्या घरात आत्याच्या तोंडून तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की ते तिला स्वतःच्या जन्मतारखेइतकंच खरं वाटे. आता आपलं बाळ आपले डोळे नेणार, असं तिने मनोमन धरून ठेवलं होतं. तरी बाळ तिला हवंच होतं.

डॉक्टरांनी यंत्र पडताळलं आणि पुन्हा मोजलं. चौदाच.

"यंत्राला कामावरून काढायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "अहो, गरोदरपणात पुष्कळ जणींचा दाब उतरतो. शरीर बदलतं, डोळ्यातलं पाणी एरवीपेक्षा सहज बाहेर पडतं. सगळ्यांचं होत नाही, तुमचं झालंय. बाळंतपणानंतर मात्र पुन्हा चढेल. तेव्हा तोंड चुकवू नका."

आम्रपालीचा हात पोटावर गेला. ज्या जिवाने अजून जग पाहिलं नव्हतं, तो आत बसून तिचे डोळे राखत होता. औषधांना जे जमलं नाही, ते त्याने नुसत्या असण्याने केलं होतं. नवलाने तिच्या अंगावर काटा आला.

"मला लग्नाआधीपासून दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची," आई अचानक म्हणाली. "तुझ्या वेळी ती गेली होती. रस्त्यावरचा दिवा अगदी स्वच्छ दिसायचा."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. "अशी कडी डोळ्याचा दाब वाढला की दिसतात. म्हणजे तुमचा आजार आधीचाच असणार."

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"मला तरी कुठे ठाऊक होतं, कशामुळे ते?"

आम्रपाली आईकडे वळली.

"किती दिवस दिसत होतं तसं?"

"तू पोटात होतीस तोवर."