सुगनाचा मायरा

लेकीच्या, चंदाच्या लग्नाच्या दिवशी, टळटळीत दुपारी, सुगनाच्या दारात ढोल वाजला. ढोल मायऱ्याचा होता. नवरीच्या मामाने आपल्या बहिणीच्या दारी वाजतगाजत आणायचा आहेर तो मायरा. आणि सुगनाला भाऊच नव्हता. एकुलता एक होता, तो तरुणपणीच तापाने गेला.

"वहिनी, ऊठ! ताट घे!" नणंद केसर ओरडतच आत आली. "भाऊ आलाय तुझा."

"कुठला भाऊ?"

"गोरधनदादानं शोधलाय. उंटगाडीवर बसलाय बघ साफा बांधून. उन्हानं नाकाचं नुसतं गाजर झालंय."

सुगनाने घुंघटातून पाहिलं. उंटगाडीवर टोमास बसला होता.

टोमास दोन वर्षांपूर्वी चेक देशातून खेजडीच्या झाडांचा अभ्यास करायला गावात आला आणि सुगनाच्या माडीवरची खोली त्याने भाड्याने घेतली. होळीच्या सुमारास एकदा ताक न्यायला खाली आला आणि आडपडदा न ठेवता त्याने विचारलं, "सुगनाजी, माझ्याशी लग्न कराल?" चाळिशीच्या विधवेला असं कोणी विचारतं का? त्याने विचारलं. ती म्हणाली, "आधी पोरीचे हात पिवळे होऊ देत, मग सांगते." सांगायचं काय ते मात्र तिचं तेव्हाच ठरलं होतं. जिभेखाली खडीसाखर धरावी तसा तो होकार धरून ती लग्नाचे पापड लाटत होती, धान्य निवडत होती आणि कधी नव्हे ती गुणगुणत होती.

आता तोच होकार घशात अडकला.

टोमास उतरला. हातातल्या परातीत गूळ, नारळ, आणि वर घडी केलेली ओढणी. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"गोरधनजी म्हणाले, मायरा आणायला कोणी नाही," तो तिला म्हणाला. "मी म्हटलं, मी आहे ना!"

"बाई बाई, जावयापेक्षा गोड बोलतोय हा!" म्हाताऱ्या खूश झाल्या.

बिचाऱ्याला वाटलं होतं, मायरा म्हणजे परातभर सामान. ज्याच्या मनात माया, त्याने आणावं. झाडाचं पान न् पान ओळखणाऱ्याला एवढं कळलं नव्हतं की इथे उंबऱ्यावर चार बायकांसमोर नातं एकदा लागलं, की ते देवालाही सुटत नाही.

गोरधनजी तिचा मोठा दीर. वाईट माणूस नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती. नवऱ्यामागे त्यानेच तिला सांभाळलं, चंदाला शिकवलं, हे स्थळही त्यानेच आणलं. मोठ्या दिरासमोर तिने आजवर तोंड उघडं केलं नव्हतं, की शब्द काढला नव्हता. बोलायचंच झालं तर मध्ये कोणीतरी लागायचं.

"बाईसा," ती केसरला हळूच म्हणाली, "दादाजींना सांगा, परका माणूस, परका धर्म. कशाला त्याला अडकवायचं?"

दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला गोरधनजी आभाळाकडे बघत हलक्या आवाजात बोलला, "केसर, तिला म्हणावं, भावाला धर्म नसतो. आणि तो माडीवर राहतो, गावाला तोंड आहे. उद्यापासून बहीण भावाच्या खोलीत चहा घेऊन गेली, तर कोणाची टाप आहे बोलायची?"

म्हणजे याने सगळं पाहिलं होतं. एका शब्दाने न रागावता, न हात उगारता, त्याने तिला पुरतं कोंडलं होतं. नको म्हणावं, तर का ते सांगावं लागणार. अंगणात नवऱ्या मुलाचा काका पान लावत बसलेला. तो ते ऐकताच वरात वेशीवरून मागे फिरवील. आणि हो म्हणावं तर...

विधवेने टिळा लावावा का, यावर एरवी केसरने तासभर वाद घातला असता. आज तिलाच घाई झाली होती. तिने टोमासला पाटावर उभं केलं, बायकांनी भावाची गाणी धरली. सुगनाने अंगठ्याने टिळा लावला. टोमासने सुखाने डोळे मिटून घेतले. तेव्हा तिला त्याचा इतका राग आला, की ताट त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

"हं टोमासजी, आता बहिणीला ओढणी पांघरा."

त्याने डोळे उघडले. "बहिणीला?"

"मग काय बायकोला?" केसर म्हणाली, आणि सगळं अंगण हसलं.

टोमास हसला नाही. त्याने हातातल्या ओढणीकडे पाहिलं. रंग गोरधनजीने निवडला होता, विधवेला चालतो तसला काळपट तपकिरी. मग त्याने घुंघटाकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. ढोलवाला थांबला. हा आता ओढणी खाली ठेवणार, सुगनाला वाटलं. ठेवू नको, असं तिच्या मनात आलं, आणि त्याच श्वासात, ठेव, ठेव रे बाबा, असंही आलं.

हळदीने माखलेली चंदा दारात आली. घाबरी झाली होती. "मामाजी, काही चुकलं का आमचं?"

तिचा तो आवाज ऐकला आणि सुगनाने स्वतःच डोकं पुढे वाकवलं. टोमासने ओढणी पांघरली.

त्यानंतरची रीत अशी, की बहिणीने भावाच्या छातीवर डोकं टेकून माहेरच्या आठवणीने रडायचं. दोन वर्षांत सुगनाने त्याला बोटही लावलं नव्हतं. आज सगळ्या गावाच्या परवानगीने तिने त्याच्या छातीवर डोकं टेकलं, आणि एकदा जो हुंदका फुटला तो आवरेना.

"सख्ख्या भावासाठीसुद्धा कोणी असं रडत नाही हो," म्हाताऱ्या डोळे पुसत म्हणाल्या.

केसर तिला ओढायला निघाली, तर गोरधनजीने हात आडवा केला. "रडू दे तिला," तो म्हणाला. "पुन्हा थोडीच रडायचीय."