उन्हात ठेवलेली सुपं

गुरव धर्माजी अंगणात आला, ठमाबाईच्या ओटीसमोर क्षणभर थांबला आणि वहाणा न काढताच पुढे राहीच्या ओटीकडे गेला. ठमाबाईच्या हाताखालची अर्धी वळलेली उदबत्ती पाटावर तशीच राहिली.

घर एकच, मधे कुडाची भिंत. अलीकडे थोरली जाऊ ठमाबाई, नवऱ्यामागे एकटी. पलीकडे धाकटी राही आणि तिचा नवरा. कुडाला कान लावायची गरज नव्हती, सगळं ऐकू यायचं.

"राहीवयनी, अवंदा शिवरातीच्या उदबत्त्या तुमच्या द्या," धर्माजी म्हणाला.

"आन अक्का?"

"लोक बोलत्यात ना. गेल्या वर्सी देवळात लाकूड जळल्यागत वास आला. मी तरी काय करू?"

मेल्या, तोंड दाखवून तरी बोलायचंस! वीस वर्षं महाशिवरात्रीला गावच्या शंकरापुढे पहिली उदबत्ती ठमाबाईची लागत होती, चारचौघांत तिचं नाव घेऊन. पोर नाही, बाळ नाही, शेत दिराच्या नांगराखाली. गावात तिचं म्हणून काय होतं, तर तो मान. तोही या कालच्या पोरीने पळवावा? आणि हिला शिकवलं कुणी? मैदालकडीची साल कुटून चिकटा कसा करायचा, चंदनाच्या भुशात नागरमोथा किती, बांबूच्या काडीवर तळवा कसा फिरवायचा, सगळं ठमाबाईनेच. "सावलीत वाळव गो, नायतर ऊन सगळा वास खाऊन टाकील," हे तर शंभरदा बजावलेलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली!

दोष तिचा नव्हताच मुळी. आगबोटीने मुंबईहून येणारं चंदन हल्ली भेसळीचं. नागरमोथ्यात जीव नाही. जगातच काही राम राहिला नव्हता; परवा बोंबील भाजले, तर त्यांनासुद्धा वास नाही! मग राहीच्याच उदबत्तीला कुठून येतो? अत्तर ओतत असणार सटवी, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी राही धुणं घेऊन ओढ्यावर गेली. तिच्या पडवीत दोन सुपं भरून उदबत्त्या वाळत होत्या. एक वाकडी असेल तर शपथ. ते बघूनच ठमाबाईच्या पोटात दुखलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, दोन्ही सुपं उचलली आणि अंगणात भर उन्हात नेऊन ठेवली. मग दारात बसून राखण केली, कोंबड्या हाकलल्या. राही परतायच्या आत सुपं जागच्या जागी. त्या दिवशी जेवण चार घास जास्त गेलं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी राही पेटलेली उदबत्ती घेऊन ओटीवर आली.

"अक्का, बघा ना, जमलीया का?"

ठमाबाईने नाक पुढे केलं. धूर डोळ्यांना झोंबला. वास? नावालाही नाही. तिला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"अगो राहे, ह्याला वासच न्हाय! नुसता धूर. देवाला काय डास हाकलायचेत?"

तेवढ्यात कुंपणापलीकडे बैल घेऊन चाललेला भिकू थांबला. "ठमाकाकी, वास हाय का काय! पार पाणंदीपतूर येतोय. देऊळच आणलंव म्हना की घरात!"

तो निघून गेला. राहीने उदबत्ती आणखी जवळ धरली. ठमाबाईने पुन्हा श्वास ओढला. काहीच नाही.

"ही नवी वळलीया," राही हळूच म्हणाली. "सुपातल्यांना भेगा पडल्या व्हत्या, ऊन लागल्यागत. चुलीत घातल्या मी. तुमीच शिकवलं व्हतं ना अक्का, उन्हाचं?"

ठमाबाईची मान वर होईना.

"कवापास्नं येत न्हाय वास?" राहीने विचारलं.

बोंबील आठवले. चंदनवाल्याला घातलेल्या शिव्या आठवल्या. दूध करपलं म्हणून शेजारणीने येऊन सांगितलं होतं, आणि आपण चुलीपाशीच बसलो होतो, तेही आठवलं. दोन वर्षं ती अंदाजाने भुसा वळत होती आणि गाव तो मुकाट्याने देवापुढे लावत होतं.

"धर्माजीला सांगशील?"

"काय सांगू?"

"उन्हाचं सांग हवं तर. साऱ्या गावात सांग, म्हातारी जळकी हाय म्हनून. जळलेच मी, खोटं कशाला बोलू? पन नाकाचं नको सांगू, राहे."

राहीने उदबत्ती तुळशीच्या मातीत खोचली.

शिवरात्रीला देऊळ भरलं. धर्माजीने पहिली उदबत्ती लावली आणि मोठ्याने नाव घेतलं, राहीचं. बायकांत मागे बसलेल्या ठमाबाईच्या काळजात कळ आलीच. मेलं मन ऐकतं कुठे! धूर गाभाऱ्याबाहेर आला. बायकांनी डोळे मिटून श्वास ओढले.

"काय गो वास!" शेजारची काशी म्हणाली. "ठमे, तुज्याच हाताखालची ना ही? कशी झालीया?"

राही दोन जागा पलीकडे बसली होती. तिने वळून पाहिलं.

ठमाबाईने सगळ्यांसारखे डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि थोडा वेळ तो आत धरून ठेवला.

"बरी हाय," ती म्हणाली. "नागरमोथा वाईच जास्त झालाय."

"व्हय अक्का," राही म्हणाली. "फुडच्या वर्सी कमी घालते."