जरा मानेखाली बघा

मी तसबीर बोलतेय, घोड्यावर बसलेल्या राजेसाहेबांची. आता मी वाड्याच्या दर्शनी दालनात असते. माझी उंची दोन पुरुष; त्यात दीड पुरुष घोडीच!

ती पांढरी घोडी राणीसाहेबांची. "राणीला घोडं फेकणं शोभत नाही," म्हणून राजेसाहेबांनी त्यांचं बसणं बंद केलं, आणि घोडी महिन्याभरात व्याह्यांकडे धाडायचंही ठरवून टाकलं. राणीसाहेब भांडल्या नाहीत की रडल्या नाहीत. लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याला भेट म्हणून त्यांनी चिताऱ्याकडून मला काढवून घ्यायचं ठरवलं. त्या घरची रीतच होती, भेट घेतली की देणारा मागेल ते द्यायचं.

चितारी आला, रंग खलले, घोडी उभी केली. ती नुसती फुरफुरली, तर राजेसाहेब खांबाआड!

"आज गुडघा धरलाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी चितारीच म्हणाला, "सरकार, खुर्चीत बसून चेहरा तेवढा द्या. बाकीचं मी बघतो."

बाकीचं राणीसाहेबांनी बघितलं. मागच्या अंगणात नवऱ्याचा अंगरखा चढवून सहा दिवस मांड ठोकून बसल्या. बाई डावखुरी, लगामही डाव्या हातात; राजेसाहेबांचं मात्र सगळं उजव्या हातानं.

वाढदिवसाला माझ्यावरचा पडदा सरला. सगळे "वा, वा!" घोड्यांची निगा राखणारा म्हातारा मोतद्दार मात्र डोळे बारीक करून बोलला, "टाच आत, पाठ ताठ... अरेच्चा, ही मांड तर—"

राणीसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"—राजेसाहेबांचीच!" म्हाताऱ्यानं वाक्य कसंबसं पुरं केलं.

राजेसाहेब पुरीसारखे फुगले. "मागा, काय हवं ते!"

"पांढरी घोडी. आणि तिच्यावर रोज बसायची मोकळीक."

राजेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा स्वार बायकोला नाही कसा म्हणणार?

"दिली! पण आधी रोज या तसबिरीपुढं उभं राहायचं. मांड कशी असते, ते माझ्याकडून शिकायचं."

"शिकेन की," राणीसाहेब पदर सावरत म्हणाल्या. "अगदी आपलीच समजून."

दोघांना जाऊन खूप वर्षं झाली. वाडा दाखवणारा माणूस रोज सांगतो, "राजेसाहेब काय घोडेस्वार होते!" माणसं मान वर करून मिशा बघतात नि पुढं जातात. पुसून पुसून त्या मिशाही आता विटल्यात.

बाबांनो, एकदा तरी जरा खाली बघा. लगाम कुठल्या हातात आहे?