मधलं फूल

मुलांनो, क्षणभर असं समजा की घर तुमचंच आहे. चुलीवरचा भात तुम्ही चढवलाय. बैठकीतल्या खुर्च्यांना झालर तुम्ही शिवलीय. पितळी दिवा घासून घासून बोटं काळी झालीयत, तीही तुमचीच. आता पाहुणे येणार आहेत. आणि तुम्हाला बजावून सांगितलंय की बैठकीत यायचं ते एकदाच, "ही नको बाई" एवढं ऐकून घ्यायचं आणि हसत परत आत जायचं. कसं वाटेल? लगेच सांगू नका. आधी ट्रायफीनाची गोष्ट ऐका.

"मी येणार नाही," ट्रायफीना तिसऱ्यांदा म्हणाली. ती आलं किसत होती. सकाळपासून किसत होती, आणि बोटांची आग आग झाली होती.

"हो हो," तिची धाकटी बहीण दोर्कास म्हणाली. "तो तपकिरी झगा काढून ठेवलाय. आणि कांदा जरा बारीक चिर, मागच्या वेळी दाताखाली येत होता."

"दोर्कास, मी काय म्हणतेय?"

"ऐकलं गं. पण मग मधलं फूल कोण होणार? मी? आज माझ्या मुलीची मागणी आहे, मला शंभर कामं आहेत."

एवढं बोलून ती गेलीसुद्धा. ट्रायफीनाने किसणीवर आल्याचा तुकडा इतक्या जोरात ओढला की नखच सोलवटलं.

समुद्रापारच्या फ्रीटाउन गावात तेव्हा मागणी अशी सरळ घालत नसत. मुलाकडच्या बायका नटूनथटून मुलीच्या दारात यायच्या. दार आतून बंद. बाहेरून थाप मारायची, आतून हुसकावून लावायचं, पुन्हा थाप मारायची. शेवटी दार उघडलं की त्यांच्यातली बोलकी बाई म्हणायची, "आम्ही रस्त्याने चाललो होतो, तुमच्या बागेत एक गुलाब दिसला. तो आमच्या अंगणात लावावा म्हणतो." मग मुलीकडचे मुद्दाम चुकीचं फूल बाहेर आणायचे. पहिलं कळीचं, म्हणजे घरातली एखादी चिमुरडी. "छे, ही तर अजून उमललीसुद्धा नाही." दुसरं मधलं, म्हणजे कुणी तरी बिनलग्नाची, वय झालेली. "हे नव्हे." तिसरं म्हातारं, म्हणजे आजी. आणि शेवटी खरं फूल. तेव्हा कुठे त्या सोबत आणलेला वाळल्या भोपळ्याचा कोरीव तुंबा पुढे ठेवायच्या. बायबल, अंगठी, सुया, दोरा, शकुनाची कोलाफळं, सगळं त्यात.

मधलं फूल म्हणजे ट्रायफीना. एका घरात नव्हे, साऱ्या आळीत. शेजारणी एकमेकींचं मोठं पातेलं मागून नेतात, तशी ट्रायफीनाला मागून न्यायच्या. "उद्या तुमची ट्रायफीना पाठवा हं जरा." बावीस वर्षं. ती मागच्या दाराने जायची, स्वयंपाकाला हात लावायची, हाक आली की एप्रन काढून बैठकीत जायची, हसं करून घ्यायची आणि परत येऊन भांडी घासायची. तिच्यासाठी तुंबा कधी आला नाही. त्यामागे काही मोठी हकिगत नव्हती. आई अंथरुणाला खिळली, तिचं करता करता वर्षं गेली, एवढंच. शिवणाचा हात मात्र असा की आळीतल्या निम्म्या नवऱ्या तिने शिवलेले झगे घालून चर्चला गेल्या.

इतकी वर्षं तिने मनाला लावून घेतलं नव्हतं. पण मागच्या महिन्यात आळीतल्या रेनरांच्या घरी बोलकी बाई म्हणून बेकलीबाई आल्या होत्या. बेकलीबाई अंगाने भरभक्कम, आवाज चर्चच्या घंटेसारखा, आणि बोलावणं गावभरातून. ट्रायफीना बाहेर आली तशी त्या म्हणाल्या, "अगं बाई, हे अजून इथंच? मी नवी नवरी होते तेव्हाही हेच दाखवलं होतं. आता कुंडीत कशाला ठेवता, पुस्तकात दाबून ठेवा."

सगळं घर हसलं. ट्रायफीनाही हसली, कारण मधल्या फुलाने हसायचंच असतं.

परत येताना दोर्कासची धाकटी मुलगी, सात वर्षांची मोदुपे, मावशीची छत्री धरून चालत होती. तीच त्या दिवशी कळी होती. मध्येच ती म्हणाली, "मावशी, मला म्हणतात अजून मोठी हो, मग ये. तुला काय म्हणतात? तू काय झालीस म्हणजे घेतील?"

ट्रायफीना म्हणाली, "छत्री नीट धर." पण त्या दिवसापासून तिच्या मनाची चिडचिड काही थांबेना.

आणि आज तर घरचीच मागणी. थोरली भाची यूनिस आत आरशासमोर बसलेली. आणि बोलकी बाई म्हणून पुन्हा बेकलीबाईच.

"मोदुपे, इकडे ये," दोर्कास बाहेरून ओरडत होती. "तू आधी कळी, मग सरबताचं तबक. पहिला पेला कुणाला?"

"बेकलीबाईंना."

"सांडलंस तर याद राख. ट्रायफीनाताई, सरबत गाळलंस का? आणि यूनिसच्या बाहीचा टाका सुटलाय म्हणे. आणि तू अजून कपडे बदलले नाहीस?"

ट्रायफीनाने सरबत गाळलं. बाहीचा टाका घातला. भाताखालची लाकडं मागे ओढली आणि शेजारच्या मदतनीस बाईला सांगितलं, "पंधरा मिनिटांनी उतरव. विसरू नकोस, खाली धरतो." मग ती आपल्या खोलीत गेली.

खाटेवर तपकिरी झगा पसरून ठेवला होता. त्याची काखेतली शिवण उसवली होती. सुईदोरा काढायला तिने ट्रंक उघडली, तर वरच निळा झगा. दोन पावसाळ्यांपूर्वी उरलेल्या चांगल्या कापडातून स्वतःसाठी शिवलेला. घालून जावं असं कुठलंच ठिकाण नव्हतं, म्हणून घडी मोडली नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच पुटपुटली, "शिवतेय कशाला मी ही काख?"

तिने निळा झगा घातला. फीत लावलेली टोपी घातली. सोलवटलेल्या बोटांवरून पांढरे हातमोजे चढवले, छत्री घेतली, आणि मागच्या दाराने कोंबड्यांमधून वाट काढत गल्लीत आली. गल्लीतून वळसा घालून ती आपल्याच घराच्या पुढच्या पायऱ्यांशी जाऊन उभी राहिली. या पायऱ्या ती रोज धूत असे. खालून वर अशा तिने त्या कधी पाहिल्या नव्हत्या.

पायऱ्यांवर मुलाकडच्या सहा-सात बायका उन्हात तिष्ठत होत्या. बेकलीबाई दारावर मूठ आपटत होत्या.

आतून सेबीना आजीचा, म्हणजे दोर्कासच्या सासूचा आवाज आला. "कोण ते? मासळी घेतली आम्ही सकाळीच."

"मासळीवाल्या नाही हो आम्ही. भल्या घरच्या आहोत."

"भल्या घरच्या बायका दुपारी घरात असतात. जा."

बायका खिदळल्या. शेवटी उभ्या असलेल्या एका तरण्या मुलीने ट्रायफीनाला पाहिलं आणि बाजूला सरली. "या बाई, सावलीत या. तुम्ही आमच्यातल्याच का?"

"नाही," ट्रायफीना म्हणाली. "मी भेटायला आलेय."

दार उघडलं. बायका एकेक करून आत गेल्या आणि शेवटी ट्रायफीना उंबऱ्याशी आली. सेबीना आजीने तिला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं. आजीचे गुडघे गेले होते, पण डोळे शाबूत होते. पुढच्या दाराने जो येईल त्याला खुर्ची द्यायची, हा त्या गावाचा नियम. त्यात आजवर कुणी कसूर केली नव्हती.

"या," आजी म्हणाली. "बसा."

ट्रायफीना भिंतीजवळच्या झालरीच्या खुर्चीत बसली. छत्री मांडीवर आडवी ठेवली. कुणी "ऊठ" म्हणालं तर आपण उठू, हे तिला ठाऊक होतं. बावीस वर्षांची सवय होती.

बेकलीबाईंचं रस्त्याचं आणि गुलाबाचं बोलून झालं. पडदा हलला आणि मोदुपे आली, केसांत पांढरी फीत, दोन्ही हात मागे बांधलेले.

"छे छे," बेकलीबाई म्हणाल्या. "ही कळी. हिला अजून पाणी घाला, दूध घाला."

सगळ्या हसल्या. मोदुपेची नजर मात्र भिंतीकडच्या खुर्चीवर खिळली होती. तोंड उघडं टाकून तिने मावशीकडे पाहिलं, मग पाय लावून आत पळाली.

पडदा पुन्हा हलेना. आतून कुजबुज ऐकू येऊ लागली.

"कुठे गेली ही? मागच्या अंगणात बघ."

"नाहीये अंगणात."

"खोलीत बघ. देवा, आजच हिला..."

"आई," मोदुपेचा स्वच्छ आवाज, "मावशी बाहेर बसलीय. ती पाहुणी आहे."

पडद्याच्या फटीत दोर्कासचा अर्धा चेहरा दिसला. घामाने डबडबलेला, नाकाला पीठ लागलेला. "ट्रायफीना," ती दातांतून म्हणाली, "ऊठ. आत ये."

आता सगळ्यांच्या माना वळल्या. बेकलीबाईंनी टोपीखालचा चेहरा ओळखला आणि त्या खुशीत आल्या. "अहो, तुमचं मधलं फूल तर इथं आमच्याच शेजारी येऊन रुजलंय की. काय ट्रायफीनाबाई, आज भलत्याच वाफ्यात?"

ट्रायफीनाने छत्रीची मूठ धरली. पाय जवळ घेतले, उठताना घेतात तसे. मग तिला ती उसवलेली काख आठवली.

"आज मी फूल नाही, बेकलीबाई," ती म्हणाली. "आज मी भेटायला आलेय. पुढच्या दाराने."

बेकलीबाईंनी सेबीना आजीकडे पाहिलं. आजी गुडघा चोळत म्हणाली, "बसा म्हटलंय मी त्यांना."

आता पेच पडला. मधलं फूल आल्यावाचून पुढचं यायचं नाही. खरं फूल दुसऱ्यांदाच आणलं तर लोक म्हणत, पोर बाजारात उभी केली. आणि आत घरच्या होत्या कोण? यूनिस, मोदुपे आणि दोर्कास.

पडदा बाजूला झाला. दोर्कास बाहेर आली. नवा पिवळा झगा, त्यावर तेलाचा डाग, नाकाला पीठ. खोलीच्या मधोमध येऊन ती उभी राहिली आणि आपल्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. ते तर सगळ्यात अवघड असतं. ट्रायफीनाला ते पहिल्या वर्षीच कळलं होतं.

बेकलीबाई तयारच होत्या. "हे? हे नव्हे हो. हे तोडून, सुकवून, वर पीठ लावून ठेवलेलं आहे. तळायला काढलं होतं की काय?"

घर दणाणलं. दोर्कासने हसायचा प्रयत्न केला. हसू ओठांच्या एका बाजूला आलं आणि तिथेच अडकलं. ती ट्रायफीनाकडे बघत होती.

ट्रायफीना हसली नाही. या क्षणी आपल्याला मजा वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तिच्या नाकाला वेगळंच कळलं होतं. भात खाली धरत होता. त्या मदतनीस बाईला किती वेळा सांगितलं होतं. या घरात एक म्हणून गोष्ट आपल्यावाचून होत नाही, या विचाराने तिचा असा संताप झाला की हात शिवशिवायला लागले. चार पावलांवर पडदा. पडद्यामागे चूल. जाऊन पातेलं उतरवायचं, एवढंच. पण एकदा पडद्यामागे गेलं की पुन्हा या खुर्चीत यायचं नाही, हेही तिला दिसत होतं.

ती बसून राहिली. आणि दुसऱ्याच्या घरी आलेली बाई बोलते तशा अदबीने म्हणाली, "दोर्कासबाई, तुमच्या चुलीवर काहीतरी लागतंय वाटतं."

दोर्कासचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. "हो," ती हळू म्हणाली. "बघते मी." आणि आत गेली. पातेलं उतरल्याचा आवाज आला. हात भाजल्याचाही आला.

मग सेबीना आजी जागच्या जागी उभी राहून म्हातारं फूल झाली. बेकलीबाईंनी तिला नमस्कार करून परत बसवलं, थट्टा जरा कमीच केली. आणि मग यूनिस आली. बाहीचा टाका कुठे घातलाय ते ट्रायफीनाशिवाय कुणाला दिसलं नसतं.

"हेच," बेकलीबाई म्हणाल्या. "हाच आमचा गुलाब."

तुंबा पुढे आला, प्रार्थना झाली, बायकांनी डोळे पुसले. खुर्च्या सरकवून सगळ्या ऐसपैस बसल्या. आता सरबत यायचं. ट्रायफीनाला वाटलं, संपलं आता. पेले वाटायला तिसरा हात लागेलच, आणि मला हाक येईल. तिने हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. पडद्याजवळ दोर्कास उभी होती, भाजलेला हात ओल्या फडक्यात गुंडाळून.

मोदुपे तबक घेऊन आली. पेले काठोकाठ भरलेले, म्हणून जीभ बाहेर काढून, एकेक पाऊल जपून टाकत. बेकलीबाईंनी बोलता बोलताच हात पुढे केला. तो हात टाळून मोदुपे तशीच पुढे चालत राहिली, भिंतीजवळच्या खुर्चीपर्यंत. तिथे थांबून तिने तबक वर उचललं. तबक जड होतं, तिचे दंड थरथरत होते, आणि ट्रायफीनाच्या सोलवटलेल्या बोटांवरून तो हातमोजा काही लवकर निघत नव्हता. तो पूर्ण निघेपर्यंत मोदुपे तशीच उभी राहिली.