कच्चं पोलाद

वेंडेलने इंजिन फिरवणाऱ्या विजेच्या मोटरीवरचं झाकण काढलं आणि दातेरी चाकाचे तुटलेले दोन दात तळहातावर घेतले.

"पुन्हा?" अल्माने सीटवरूनच विचारलं.

"पुन्हा."

"माझ्याच हातून कसं मोडतं रे? तू बसलास की गाडी गुपचूप सुरू होते."

"गाडीला माणूस कळतो, बाई!" भट्टीजवळून म्हातारा ग्रोसमन ओरडला. दात त्याने घडवले होते, आणि आपल्या पोलादाला कुणी नावं ठेवलेली त्याला खपत नसत.

ओहायोतली थंडी कोठारात शिरून बसली होती. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सकाळी अल्मा गाडीत बसली होती आणि तिचा नवरा रॉय, वेंडेलचा थोरला भाऊ, इंजिन सुरू करायला पुढे वाकून हँडल मारत होता. इंजिनाने उलटा झटका दिला आणि हँडल त्याच्या जबड्यावर बसलं. जखम चिघळून रॉय गेला. हँडल धरायची अक्कल नव्हती, असं गाव म्हणालं. गावाचं काय, बोलायला पैसे पडत नाहीत. अल्मा दिराला एवढंच म्हणाली होती, "हँडल नसलेली गाडी कर. दुसऱ्या कुणाच्या बायकोवर ही वेळ नको." तेव्हापासून वेंडेल या मोटरीला चिकटला होता.

दात मोडतात ते इंजिन उलटं फिरलं तरच. आणि ठिणगी वेळेआधी पडली की इंजिन उलटं फिरतं. म्हणून गाडी सुरू करताना स्टिअरिंगखालची, ठिणगी लांबवणारी दांडी मागे ओढून ठेवायची. अल्मा चढण्याआधी त्याने स्वतः ती ओढली होती. आता दांडी पुढे होती.

त्याने दांडी पुन्हा मागे घेतली. "जरा उतरून परत चढ बघू."

अल्मा उतरली. स्कर्ट सावरून तिने पायरीवर पाय ठेवला आणि नेहमीसारखा त्या दांडीचाच आधार घेतला. दांडी पुढे सरकली. तिला कळलंही नाही.

वेंडेलला रॉयची ती सकाळ आठवली; तेव्हाही ती अशीच चढली असणार. भट्टीजवळचा हातोडाही थांबला होता. म्हातारा दांडीकडेच बघत होता.

"काय झालं?" अल्माने विचारलं.

ग्रोसमन जवळ आला. त्याने वेंडेलच्या हातातले दात घेऊन उजेडात धरले. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःची चूक कबूल केली नव्हती.

"पोलाद कच्चं निघालं," तो म्हणाला. "माझंच चुकलं. घाई केली."

वेंडेलने मान हलवली. मोटर सुरू करायचं पेडल दाबलं की दांडी आपोआप मागे यावी, एवढी एक तार बांधायची राहिली होती. तो तार शोधायला वळला आणि जाताजाता, कुणाला दिसू नये अशा बेताने, त्याने दांडी मागे ओढली.

अल्माला ते दिसलं. ती दांडीकडे बघत राहिली, मग स्वतःच्या हाताकडे.

"काका," ती म्हणाली, "रॉयचं हँडलही तुम्हीच घडवलं होतं ना?"

"हो."

"तेही कच्चंच होतं का?"

म्हातारा भट्टीकडे गेला आणि धगधगत्या कोळशांवर उगाच भाता ओढत राहिला.